बंडीच्या खिशात मावेल असं पिस्तूल

बंदुकीच्या दुकानात बाई बसलेली पाहिली की गिऱ्हाईक आधी बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचतं. मग आत येऊन विचारतं, मालक जेवायला गेलेत का? मुरबाडच्या बाजारपेठेत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे मान वर न करताच सांगायचे, मालक वर गेलेत, आता यायचे नाहीत, तुमचं काम काय ते मला सांगा. समोरचा माणूस ओशाळायचा. त्याची मला गंमत वाटायची, आणि तो गेल्यावर वाईटही वाटायचं.

यजमान गेले तेव्हा दुकान बंद करावं असंच सगळ्यांचं मत होतं. एकट्या मामंजींचं नव्हतं. त्यांनी मला समोर बसवून बारा बोअरची बंदूक उघडायला, पुसायला आणि पुन्हा जोडायला शिकवलं, आणि दुकानाचा परवाना माझ्या नावावर करून घेतला. त्यांचा एकच नियम होता. हत्यार हातात आलं की आधी तोंड भिंतीकडे, मग उघडून बघायचं, आणि मगच गिऱ्हाइकाला 'या बसा' म्हणायचं. पाहुणचार नंतर. कुणी कितीही शपथेवर 'रिकामंच आहे' सांगितलं तरी उघडायचं. मामंजी म्हणत, रिकाम्या बंदुकीनं जितकी माणसं मेलीत तितकी भरलेल्या बंदुकीनं मेली नसतील.

लोकांना वाटतं, बंदुका विकणारी बाई म्हणजे छातीची धीट असणार. मी तशी नव्हते आणि आजही नाही. दुकानाला कुलूप लावून घरी आले की अर्ध्या वाटेवरून परत जाऊन कुलूप ओढून बघायचे. निवडणूक आली की पंचाईत व्हायची. परवान्याच्या बंदुका तेवढ्या काळापुरत्या जमा कराव्या लागतात, आणि बरेच लोक पोलीस ठाण्यात देण्याऐवजी आमच्याकडे ठेवायचे. आतली खोली बंदुकांनी भरली की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. सासूबाई म्हणायच्या, विकायला भीती वाटत नाही, सांभाळायला कशी वाटते गं? मी म्हणायचे, विकलेली दुसऱ्याच्या घरी जाते, म्हणून. हे उत्तर मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं.

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. डुकरं भातात घुसतात म्हणून पीक राखायला परवाना काढलेले लोक. जुन्या ठासणीच्या बंदुका, नाहीतर बारा बोअरच्या. त्यांचा आणि बंदुकीचा संबंध साधा असायचा. वर्षभर ती आड्याला टांगलेली, सुगीच्या आधी एकदा बार, आणि दसऱ्याला पूजा. दसऱ्याच्या आधी आमच्याकडे दुरुस्ती-सफाईला ही गर्दी व्हायची. आणि दसऱ्यानंतर दुसरी गर्दी, कारण पूजेत बंदुकीचं काय काय व्हायचं ते विचारू नका. कुंकू तेलात कालवून चापावर, हळद नळीत, फुलाची पाकळी घोड्याखाली अडकलेली. तुळईच्या एका भाविक गृहस्थांनी तर नळीच्या तोंडाला गूळखोबऱ्याचा नैवेद्य लावला होता. ती बंदूक त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि नळीतून मुंग्यांची रांग बाहेर आली. मी त्यांना म्हटलं, काका, तुमच्या बंदुकीनं डुकरं नाही मरायची, पण तिच्या पोटात गाव वसलंय. ते हसले नाहीत. मुंग्यांना काही होऊ न देता साफ करा, एवढंच म्हणाले.

पिस्तूल-रिव्हॉल्वरवाली गिऱ्हाइकं वेगळी. ती मोजकीच, पण माझी सगळी काळजी त्यांच्यापायी. पुढे जमिनींचे भाव चढले, फार्महाऊसं झाली, आणि एजंट लोक यायला लागले. त्यांना हत्यार हवं असायचं ते दिसायला. शर्ट खोचून, कमरेला फुगवटा दाखवत चहाच्या टपरीवर उभं राहायला. त्यांची मला भीती वाटत नसे. मिरवणारा माणूस हत्याराला फारसा हात लावत नाही. मला भीती वाटायची ती लपवायला हत्यार मागणाऱ्यांची, आणि त्यातही ज्याच्याकडे एक आहे आणि दुसरं हवंय त्यांची. मामंजी सांगून गेले होते, पहिल्या हत्यारावर ज्याचा विश्वास उरला नाही त्याचा दुसऱ्यावर तरी कुठून बसणार?

धसईचे हरीशेठ असेच आले. भाताची गिरणी, घरची शेती, सरळमार्गी माणूस. यजमानांचे स्नेही, म्हणून मला वहिनी म्हणायचे. बत्तीस बोअरचं सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर त्यांनी आमच्याकडूनच नेलं होतं. बाजाराच्या दिवशी गिरणीची रोकड घेऊन ते फटफटीवरून मुरबाडला बँकेत यायचे. सुगीनंतर एकदा वाटेत फांदी आडवी टाकून तिघांनी त्यांना अडवलं, कोयता दाखवला आणि थैली घेऊन ते रानात पसार झाले. हे सगळं मला आधीच कळलं होतं. मुरबाडात अशा बातम्या बसच्या आधी पोचतात. हरीशेठ स्वतः आले ते बऱ्याच महिन्यांनी, परवान्यावर दुसऱ्या हत्याराची मंजुरी घेऊन.

बराच वेळ ते हवापाण्याचं बोलत बसले. मग म्हणाले, "वयनी, माज्या कमरेला व्हता वो तो. आन् मी दोनी हात वर केलं."

मी म्हटलं, बरं केलंत, जीव वाचला. ते त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं की रिव्हॉल्वर कमरेला मागे, त्यावर शर्ट, फटफटीवर बसल्यावर ते पाठीला रुततं, हात तिथवर जाईपर्यंत कोयता मानेवर येतो. त्यांना दुसरं छोटं हवं होतं. आमच्याकडची जुनी माणसं शर्टाच्या आत खिशाची बंडी घालतात. छातीशी पैसे, तंबाखूची डबी, पास, काय वाट्टेल ते त्या खिशात असतं. हात आपोआप तिथेच जातो. त्या खिशात मावेल आणि बाहेरून दिसणार नाही असं पिस्तूल पाहिजे, आणि ते परवडलं पाहिजे.

आता हे 'परवडणारं छोटं पिस्तूल' म्हणजे काय दुखणं आहे ते बाहेरच्यांना कळायचं नाही. परदेशातून हत्यारं यायची फार पूर्वीच बंद झाली. त्यामुळे चांगलं परदेशी पिस्तूल म्हणजे कुणाच्या तरी आजोबांचं, आणि त्याच्या किमतीत शहापूरला घराचा प्लॉट यावा. सरकारी कारखान्याचं पिस्तूल त्या मानानं बरंच स्वस्त, नवंकोरं, काडतुसं मिळणारी. पण ते जाडजूड. तिसरी वाट म्हणजे पंचवीस बोअरची जुनी इवलीशी पिस्तुलं. ती कुणाला नको असतात, कारण त्यांची काडतुसं इकडे होत नाहीत, जुनी शिल्लक शोधावी लागतात, आणि जुनं काडतूस फुटेल की नुसतं टक् करेल हे देव जाणे. म्हणून ती त्या मानानं स्वस्त. असं एक आमच्याकडे पडून होतं. शहापूरच्या एका डॉक्टरांचं. ते वारल्यावर त्यांच्या मुलांनी विकायला ठेवलं होतं.

मी हरीशेठना स्टुलावर फटफटीसारखं बसवलं, पुढे हँडल म्हणून झाडू धरायला दिला, आणि आधी सरकारी पिस्तूल बंडीत ठेवायला सांगितलं. खिसा पोटापर्यंत लोंबला. वाकले की ते बरगडीला टोचे. मग डॉक्टरांचं ठेवलं. तंबाखूच्या डबीएवढं, बाहेरून काही कळेना. त्यांनी हात घातला आणि ते लगेच हातात आलं. इतक्या महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसला, मला मात्र ते बरं वाटलं नाही.

मी त्यांना सरकारीच घ्या म्हणून नाना परीनं सांगितलं. नेम धरता येतो, काडतुसं ताजी मिळतात, मोठं असलं म्हणजे माणूस जपून वागतो. ते ऐकेनात. शेवटी मी त्यांना रिव्हॉल्वर आणि पिस्तुलातला फरक समजावला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. रिव्हॉल्वर हे सरळ मनाचं हत्यार. चक्र उघडलं की गोळ्या डोळ्यांना दिसतात, नाहीत तर नाहीत. पिस्तुलाचं तसं नसतं. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं की वाटतं रिकामं झालं. पण एक काडतूस आधीच वर नळीत चढलेलं असेल तर ते तिथेच राहतं आणि बाहेरून दिसत नाही. वरचा सरकता भाग मागे ओढल्याशिवाय ते बाहेर पडत नाही. म्हणून नळीत कधी काडतूस चढवून ठेवायचं नाही. हरीशेठनी सगळं माझ्यासमोर करून दाखवलं, चुकले नाहीत. शाळेतल्यासारखं मी त्यांच्याकडून ते वदवून घेतलं. मग ते पिस्तूल घेऊन गेले, आणि त्या दिवसापासून बाजाराच्या दिवशी त्यांची फटफटी दुकानावरून परत जाताना दिसेपर्यंत माझं कामात लक्ष लागेना.

पाऊस गेला, नवरात्र आलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. हरीशेठ रिव्हॉल्वर साफ करायला घेऊन आले. गर्दीतच मी विचारलं, आणि धाकटं? ते म्हणाले, ते घरीच पुसलं, मॅगझिन काढलं, डोळ्यांनी बघितलं, एकदम रिकामं हाय, आता पाटावर मांडायचं. मी बरं म्हटलं. पुढचं गिऱ्हाईक तोपर्यंत माझ्यापुढे बंदूक धरून उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातली पूजा मांडत होते. मामंजींच्या नियमाप्रमाणे एकेक हत्यार भिंतीकडे तोंड करून उघडायचं, बघायचं आणि पाटावर ठेवायचं. एका पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढला आणि माझा हात तिथेच थांबला. हरीशेठ काय म्हणाले होते? डोळ्यांनी बघितलं. पिस्तुलात डोळ्यांनी काय दिसतं? मॅगझिन काढल्यावर मुठीची पोकळी दिसते, बाकी काही नाही. नळीतलं बघायचं तर आधी ओढावं लागतं, आणि ओढलं असतं तर माणूस म्हणाला असता, ओढून बघितलं. ते रिव्हॉल्वरवाल्याचं बोलणं होतं.

आता, नळीत काडतूस चढवून ठेवायचं नाही असं मी बजावलं होतं, हे खरं. पण फटफटीवर एक हात हँडलला असलेला घाबरलेला माणूस ऐन वेळी दोन हातांनी काडतूस चढवत बसेल का? तो घरून निघतानाच चढवून निघेल. हे माझ्या आता लक्षात आलं.

मी फोन लावला. मोबाइल मुरबाडात आले होते, पण धसईला त्याची रेंज नव्हती. गिरणीचा फोन होता, तो नुसता वाजत राहिला. सगळे घरात, पूजेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तो फोन वाजतोय आणि इकडे मला आवाज ऐकू येतोय तो भलताच. सासूबाईंना सांगितलं, दुकान बघा. त्या म्हणाल्या, सणाची कुठे निघालीस, आणि पूजा? मी म्हटलं, परत आले तर करते. 'तर' का म्हणाले ते मला ठाऊक नाही. त्या गल्ल्यावर जाऊन बसल्या.

सणामुळे बसचा पत्ता नव्हता. झेंडूच्या टोपल्या भरलेली एक जीप धसईकडे निघाली होती, तिच्यात बसले. ड्रायव्हर दर वस्तीला थांबून फुलं उतरवणार, ओळखीच्यांना हाका मारणार, आपट्याची पानं घेणार. मी त्याला दोनदा म्हटलं, दादा जरा लवकर. तो म्हणाला, ताई, सणाची घाई कशाला, दसरा काय पळून जातोय काय. काय सांगणार त्याला? माझ्या डोक्यात पाटाचं चित्र होतं. आमच्याकडे पूजेची हत्यारं पाटावर मांडतात, पाटाच्या मागे देव, पुढे माणसं. नळ्यांची तोंडं कुणाकडे होतात, हे कुणी बघत नाही. आणि सगळं घर त्यांच्यासमोर डोकं टेकवतं.

हरीशेठच्या अंगणात पोचले तर घंटेचा आवाज येत होता. मी चपला घालूनच पडवीत शिरले. पाटावर कोयते, विळे, गिरणीची वजनं, रिव्हॉल्वर. हरीशेठ हात जोडून मांडी घालून बसलेले. त्यांची बायको सीताबाई ताट घेऊन बाजूला बसलेली. आणि त्यांची नात, असेल चार-पाच वर्षांची, एकेका वस्तूला कुंकू लावत चालली होती. सगळं लावून झालं होतं. राहिलं होतं ते छोटं. ते तिनं पाटावरून उचलून मांडीत घेतलं होतं, कारण ते तिच्या मापाचं होतं. दिवाळीच्या टिकल्यांच्या पिस्तुलाएवढं. तोंड आजोबाकडे आणि कुंकवाचं बोट चापाजवळ.

मला ओरडता येईना. ओरडले तर ती दचकून मूठ आवळणार, हे मला दिसत होतं. आजही ते आठवलं की माझी बोटं आकसतात. मी तिच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, मला पण लावू दे ना गं कुंकू. तिनं जरा विचार केला. मग दिलं.

मी तोंड भिंतीकडे केलं आणि वरचा भाग मागे ओढला. काडतूस टुणकन उडालं आणि ताटातल्या आपट्याच्या पानांत पडलं.

हरीशेठचे जोडलेले हात तसेच होते. त्यांना माझं येणं कळायला वेळ लागला, आणि ते काडतूस कळायला आणखी वेळ लागला. मग ते पुटपुटले, बघितलं व्हतं वयनी, मी बघितलं व्हतं. सीताबाईनं ताट खाली ठेवलं, नातीला उचलून आत सुनेकडे नेऊन दिलं, आणि परत आली. पानांतून काडतूस काढून तिनं नवऱ्यासमोर धरलं.

"ह्यो कोनासाठी भरून ठेवला व्हता?"

मला वाटलं हरीशेठ चिडतील. गावात मान असलेला माणूस, परक्या बाईसमोर बायको विचारतेय. ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मला भेव वाटतं गो. त्या रस्त्याचा मला भेव वाटतं."

सीताबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. चोरी झाली त्या दिवशीही हे तिला त्यांनी सांगितलं नव्हतं, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. थैलीचं सांगितलं होतं, कोयत्याचं सांगितलं होतं. भीतीचं तेवढं ठेवलं होतं. ते माझ्या दुकानात येऊन, स्टुलावर बसून, झाडू हातात धरून त्यांनी मला आडून सांगितलं होतं, आणि मी त्या भीतीच्या मापाचं पिस्तूल काढून दिलं होतं.

"मंग मला सांगाचा ना," ती म्हणाली. "मी आली असती बरोबर."

एवढंच. ती रागानं बोलली नाही. मला तर वाटतं तिला वाईट वाटलं ते काडतुसाचं नव्हतंच. मग तिनं मला पाणी दिलं, पाटावर बसवलं, सोनं दिलं आणि जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. मी जेवले कशी ते मात्र आठवत नाही.

पिस्तूल त्यांनी दुकानात जमा केलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी हरीशेठची फटफटी आली तेव्हा मागे सीताबाई बसलेली होती. थैली तिच्या मांडीवर, पदर कमरेला खोचलेला. त्या तिघांनी पुन्हा अडवलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. बाईच्या असण्यानं कोयता थांबतो असं काही नाही. त्यांची फटफटी परत जाईपर्यंत मी दारातच उभी असायचे, माझी काळजी काही कमी झाली नव्हती. पण हरीशेठ बोलत जाताना दिसायचे. मागे मान वळवून, काहीतरी सांगत.

त्यानंतर दुसरं, लहानसं, खिशात मावेलसं हत्यार मागायला कुणी आलं की मी कपाट उघडायच्या आधी एक विचारायचे. भीती वाटते हे घरी सांगितलंय का? पुष्कळ जण उठून जायचे, तुम्हाला विकायचं नाही का म्हणून रागावायचे. धंदा बसला, सासूबाईंनी ऐकवलंही. काही मात्र उठायचे नाहीत. बसून राहायचे, हातातली मंजुरी उलटसुलट करत. मी चहा सांगायचे. चहा संपला की ते घरी जायचे, आणि बहुतेक परत यायचे नाहीत.